सुंभ आणि साल

विजयदुर्गाच्या पश्चिमेच्या बुरुजावरून खाली पाहिलं तर नुसता मोकळा समुद्र दिसतो. गाव मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलंय की त्या पाण्याखाली एक भिंत आहे. शत्रूचं जड, खोल बुडणारं जहाज किल्ल्यावर चालून आलं की त्याचा तळ तिच्यावर आपटायचा आणि फुटायचा. आपली उथळ तळाची गलबतं मात्र तिच्यावरून अलगद निघून जायची. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी या किल्ल्याभोवतीचा तळ धुंडाळला आहे.

ही गोष्ट ऐकताना माझं मन भिंतीपेक्षा जहाजाकडे ओढ घेतं. लाकडी जहाज दगडावर आपटतं तेव्हा फुटतं काय? लाकूड बऱ्याचदा टिकतं, तुटतो तो सांधा. दोन फळ्या लोखंडी खिळ्यानं जोडल्या असतील तर धक्क्याचा सगळा जोर त्या खिळ्याभोवतीच्या एवढ्याशा लाकडावर येतो आणि फळी तिथं चिरते. शिवाय लोखंड आणि खारं पाणी यांचं वैर. खिळा गंजतो आणि गंजताना आजूबाजूचं लाकूडही खातो. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेल्या जहाजाचे खिळे आतून पोकळ झालेले असतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

मग खिळाच नको, असं कुणाला सुचलं असेल?

सुचलं होतं, आणि याच किनाऱ्यावर. दक्षिण कोकणात आणि गोव्यात रापणीच्या होड्या शिवलेल्या असायच्या. इथं शिवण्याचा दुसरा काही लाक्षणिक अर्थ नाही. कापड शिवतात तशी नाव, टाके घालून. फळीच्या काठाला ओळीनं भोकं पाडायची, शेजारच्या फळीला त्यांच्या समोर भोकं पाडायची, सांध्यावर आतून काथ्याची जाड वळी ठेवायची आणि सुंभ या भोकातून त्या भोकात ओवत, वळीला कवेत घेत, आवळत जायचं. कामाला दोघं लागतात, एक नावेच्या आत आणि एक बाहेर. आतला दोर बाहेर देतो, बाहेरचा ओढून परत आत देतो. मधल्या फळीमुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही, हातांचा ताल तेवढा कळतो. शेवटी भोकं बुजवायची, राळ आणि तेल चोपडायचं. कोकणात त्यासाठी उंडीच्या बियांचं कडू तेल असे.

रापण पाहिली असेल तर हा टाका कशासाठी ते लगेच उमगतं. होडी किनाऱ्यावरून लाटा फोडत निघते, अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते आणि पुन्हा वाळूवर येऊन आदळते. मग दोन्ही टोकांना माणसं लागून जाळं ओढतात. त्या होडीला रोज तळावर मार खायचा असतो. खिळ्यांची ताठ होडी असा मार काही दिवसच सोसेल. शिवलेली होडी लाटेखाली किंचित वाकते, वाळूवर आदळली की किंचित पसरते आणि पुन्हा आपल्या आकारात येते. टाका सैल पडला तर तेवढाच उसवून नवा घालायचा. चौदाव्या शतकात या समुद्रावरून फिरलेल्या इब्न बतूतानं हेच लिहून ठेवलंय: हिंदुस्थान आणि येमेनची जहाजं अशी दोरानं शिवलेली असतात, त्यांना ओलाव्याची लवचीकता असते, आणि खिळ्यांचं जहाज खडकाला लागलं की फुटतं. विजयदुर्गाच्या त्या पाण्याखालच्या भिंतीची गोष्ट ज्या डोक्यातून निघाली, त्या डोक्याला हे पुरतं ठाऊक असणार असं मला राहून राहून वाटतं.

सगळी जहाजं शिवलेली होती असं मात्र समजू नका. आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं लढाईसाठी बांधलेली, तोफांचा धक्का सोसणारी, खिळ्यांची. किल्ल्यापासून थोडं आत, वाघोटण खाडीकाठी गिर्ये गावाजवळ खडकात कोरून काढलेली त्यांची गोदी अजून पाहायला मिळते. युरोपीय कागदपत्रांत हा किल्ला ‘घेरिया’ म्हणून येतो, तो या गिर्ये नावावरूनच. १७५६च्या फेब्रुवारीत इंग्रजांचं आरमार खाडीच्या तोंडाशी आलं आणि तुळाजी आंग्र्यांची जहाजं याच बंदरात जळाली. मराठी इतिहास त्या मोठ्या जहाजांचा शोक करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच खाडीत, त्याच दिवशी, कुणातरी गाबीत मच्छीमाराच्या अंगणात शिवलेली एक होडीही पालथी पडलेली असेल. तिचं नाव कुठल्याच बखरीत नाही.

हीच होडी दुसऱ्या एका किनाऱ्यावर भेटते. तो किनारा विजयदुर्गापासून सरळ रेषेत सुमारे सात हजार किलोमीटर दूर आहे.

जपानच्या उत्तर टोकाला होक्काइदो बेट आहे. हिवाळ्यात त्याच्या ईशान्य किनाऱ्याला ओखोत्स्क समुद्रातून वाहत आलेला बर्फ टेकतो. तिथं नारळ नाही, आंबा नाही, पावसाळी वारा नाही. या बेटावर, तसंच साखालिन आणि कुरील बेटांवर, आयनू लोक राहत आले. ‘आयनू’ या शब्दाचा त्यांच्या भाषेत अर्थ माणूस. जपानी भाषेशी, किंवा जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी, त्या भाषेचं नातं सिद्ध झालेलं नाही. होक्काइदोच्या नकाशावर मात्र ती पदोपदी आहे. ‘नाय’ म्हणजे ओढा, ‘पेत’ म्हणजे नदी. वाक्कानाय, नोबोरिबेत्सू ही शहरांची नावं त्यांतूनच झाली. शिरेतोको म्हणजे जमिनीचं टोक. आपल्या गावांच्या नावांतून ‘वली’ आणि ‘वाडी’ जसे डोकावतात, अगदी तसंच.

आयनूंच्या नावेला त्यांच्या भाषेत ‘चिप’ म्हणतात. कात्सुरासारख्या मोठ्या झाडाचं खोड कोरून केलेली नदीतली डोण, ती चिप. नदीत ती चालते, पण समुद्राच्या लाटा तिच्या काठावरून आत येतात. म्हणून समुद्रावर जायचं तर डोणीच्या दोन्ही काठांवर फळ्या चढवायच्या. या नावेचं नाव इताओमाचिप. ‘इता’ म्हणजे फळी. फळ्या लावलेली नाव, इतका साधा अर्थ. आता या फळ्या डोणीला जोडायच्या कशानं? भोकं पाडून, झाडाच्या सालीच्या दोरानं, टाके घालून. फटींत शेवाळ दाबायचं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान उलटून परत मागे आलो होतो. खाली कोरलेलं खोड, त्यावर उभ्या केलेल्या फळ्या, फळ्यांना भोकं, भोकांतून झाडाच्या तंतूंचा दोर, फटीत मऊ भराव. कोकणातल्या कित्येक जुन्या होड्यांची घडणही नेमकी अशीच होती. आमच्याकडे एका बाजूला उलांडी असते, पाण्यावर तरंगणारा लाकडी ओंडका, होडी कलंडू नये म्हणून. तेवढा फरक सोडला तर एक कारागीर दुसऱ्याच्या अंगणात जाऊन, एक शब्दही न बोलता, कामाला बसू शकला असता.

एकानं दुसऱ्याकडून शिकलं, असा याचा अर्थ होत नाही. इजिप्तमध्ये खुफू राजाच्या पिरॅमिडशेजारी पुरलेली साडेचार हजार वर्षांपूर्वीची ४३ मीटर लांबीची नाव सापडली, तिच्याही फळ्या दोरांनी बांधलेल्या. इंग्लंडमध्ये हंबर नदीच्या चिखलात नॉर्थ फेरिबी इथं सापडलेल्या कांस्ययुगातल्या नावांच्या फळ्या यू झाडाच्या लवचीक फांद्यांनी शिवलेल्या, आणि फटींत शेवाळ, अगदी आयनूंसारखं. माणूस कापड शिवायला शिकला, मग चामडं, मग लाकूड. हाताला एक युक्ती सापडली की ती हात जातील तिथं जाते. किंवा हात कुठलेही असोत, पुन्हा नव्यानं सापडते. मला दुसरी शक्यता अधिक थक्क करते.

दोराचीच गोष्ट घ्या. आपल्याकडे नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात पुरून कित्येक महिने कुजवतात. मधला गर सडून जातो, तंतू उरतो. मग ती बडवायची, तंतू मोकळे करायचे, तळहातांवर पीळ द्यायचा. काथ्या खाऱ्या पाण्यात टिकतो, म्हणून तर तो नावेला. आयनू स्त्री-पुरुष उन्हाळ्याच्या तोंडाला, झाडात रस चढलेला असताना, रानात जाऊन ओह्यो नावाच्या एल्म जातीच्या झाडाची आणि लिंडनची साल काढतात. एकाच झाडाची सगळी साल सोलत नाहीत, झाड जगलं पाहिजे. ती साल तळ्यात किंवा गरम पाण्याच्या झऱ्यात भिजत घालतात. चिकटपणा निघून गेला की तिचे पापुद्रे सुटतात. त्यांच्या बारीक पट्ट्या फाडून, वळून सूत करतात. लिंडनचा दोर होतो. ओह्योच्या सुताचं कापड विणतात, त्याला ‘अत्तुश’ म्हणतात. पाण्यात ते इतकं टिकाऊ की उत्तरेच्या सागरी मार्गावरचे जपानी खलाशीसुद्धा अत्तुशचे अंगरखे घालत. इथं खाडीचा चिखल, तिथं गरम पाण्याचा झरा. कुजवणं, सोडवणं, पिळणं हे क्रियापदांचं त्रिकूट मात्र तेच.

आणि लोखंड? जपानच्या मुख्य बेटांवरचे नावाडी चपट्या लोखंडी खिळ्यांनी फळ्या जोडत, त्यात ते फार वाकबगार होते. आयनूंना लोखंड जपान्यांकडून अदलाबदलीत मिळे, सुऱ्या आणि भांडी या रूपात. कातडी, सुकी मासळी देऊन मिळालेलं ते लोखंड नावेत ठोकून समुद्राला खाऊ घालणं कुणाला परवडलं असतं? शिवाय वाळू-गोट्यांच्या किनाऱ्यावर नाव ओढून घ्यायची असली की टाकाच बरा. कोकणातल्या रापणकराला हे समजावून सांगावं लागणार नाही.

झाड तोडण्यापूर्वी आयनू त्याची परवानगी मागतात. त्यांच्या जगात ‘कामुय’ सगळीकडे असतात: अस्वलात, अग्नीत, नदीत, झाडात, माणसानं वापरलेल्या हत्यारातही. ‘रेपुन कामुय’ म्हणजे खोल समुद्रातला देव, ऑर्का देवमासा. कामुयला बोलावताना विलोच्या काठीवर सुरीनं कुरळ्या कातरी काढून, तशाच लोंबत ठेवून ‘इनाऊ’ करतात. हातात कोरीव काम केलेली एक चपटी काठी घेतात, तिचं नाव ‘इकुपासुय’. तिचं टोक मद्यात बुडवून थेंब शिंपडायचे आणि बोलायचं. श्रद्धा अशी की माणसाच्या बोलण्यात काही उणं राहिलं तर ही काठी ते पुरं करून देवापर्यंत पोहोचवते.

हे वाचताना मला आमच्याकडचं गाऱ्हाणं आठवतं. मानकरी उभा राहून रवळनाथापुढे, रामेश्वरापुढे, गावच्या राखणदारापुढे बोलत जातो आणि मागचे सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्यातही शेवटी काही चुकलं-माकलं असेल तर सांभाळून घे, असं मागणं असतंच. बोलण्यातली उणीव भरून काढायला आम्ही गावाचा हुंकार ठेवला, त्यांनी हातात काठी ठेवली. आणि देवराईतलं झाड तोडायला आमचाही हात अडखळतोच.

मग इताओमाचिप गेल्या कुठे? दोर कुजला म्हणून त्या संपल्या नाहीत. समुद्रावर जाण्याची वाट बंद झाली म्हणून संपल्या.

एके काळी आयनू या शिवलेल्या नावांतून सामुद्रधुनी ओलांडून जपानी बंदरांत व्यापाराला जात, साखालिनकडे जात. १६०४ साली तोकुगावा इएयासूनं मात्सुमाए घराण्याला आयनूंशी व्यापाराचा मक्ता दिला. पुढे मात्सुमाएच्या सरदारांनी आयनूंच्याच किनाऱ्यावर ठाणी वाटून घेतली. आता व्यापार त्या ठाण्यावरच करायचा, त्यांच्याच भावानं. तांदळाचं पोतं लहान करण्यात आलं, बदल्यात मागायची सुकी सामन मासळी मात्र पूर्वीइतकीच. १६६९ मध्ये शाकुशाइन नावाचा सरदार उठला आणि बेटावरच्या अनेक वस्त्या त्याच्यामागे उभ्या राहिल्या. आपल्याकडे सिंधुदुर्ग बांधून पुरा झाला त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. तहाच्या बोलणीसाठी बोलावून शाकुशाइनला ठार मारण्यात आलं. त्यानंतरच्या शतकात आयनू स्वतःच्याच किनाऱ्यावर व्यापाऱ्यांच्या हेरिंग मासेमारीत मजूर झाले. ती हेरिंग शिजवून, दाबून, वाळवून खत म्हणून दक्षिणेच्या कापसाच्या शेतांना जाई. ज्याला दूर जायचंच नाही, त्याला फळ्या चढवलेली नाव कशाला? नदीतली डोण पुरे.

‘समुद्र कुणाचा’ हा प्रश्न कोकणालाही जुनाच. पोर्तुगीजांनी या समुद्रावर कार्ताझ लादलं, परवान्याशिवाय जहाज हाकारायचं नाही. शिवाजी महाराजांनी आरमार उभारलं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःची दस्तकं द्यायला सुरुवात केली, ती याच प्रश्नाचं उत्तर म्हणून. आयनूंच्या वाट्याला असा कान्होजी आला नाही.

१८६९ मध्ये मेइजी सरकारनं बेटाचं नाव होक्काइदो केलं आणि मुख्य भूमीवरचे लोक आणून वसवले. १८९९च्या कायद्यानं आयनूंना शेतकरी बनवायचं ठरवलं. शाळांतून जपानी आली, घरांतून आयनू भाषा हळूहळू उठली. आयनू पूर्वी लिहिली जात नसे. आता ती जपानी काताकाना लिपीत लिहितात, शब्दाच्या शेवटच्या व्यंजनांसाठी बारीक अक्षरं वापरून. या काताकानाचा तक्ता पाहा: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटला? तो क्रम आपल्या वर्णमालेचाच आहे. संस्कृत शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंबरोबर तो जपानला पोहोचला. (‘सा’ आपल्या ‘च’च्या जागी बसलाय, आणि ‘हा’ एके काळी ‘पा’ होता, म्हणून ‘मा’च्या आधी आला.) म्हणजे ‘चिप’ हा शब्द आज ज्या अक्षरांत लिहिला जातो, त्यांची रांग विजयदुर्गाच्या शाळेतलं पोर पाटीवर गिरवतं त्या रांगेची दूरची बहीण आहे.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाला वैतागून म्हणतो. मला ही म्हण कायानो शिगेरू यांच्यासाठी कौतुकानं वापरावीशी वाटते. १९२६ मध्ये सारू नदीकाठच्या निबुतानी गावात जन्मलेला हा आयनू माणूस. त्यांनी आयुष्यभर आपल्या लोकांची भांडी, विळे, डोणी, कापडं, गोष्टी गोळा केल्या, गावात संग्रहालय उभारलं. १९९४ मध्ये ते जपानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेलेले पहिले आयनू ठरले आणि तिथं आयनू भाषेत बोलले. निबुतानीला धरण येत होतं. आयनूंच्या पवित्र जागा आणि दरवर्षी नाव पाण्यात सोडायची जागाही त्या पाण्याखाली जाणार होती. कायानो आणि काइझावा घराण्यानं जमीन द्यायला नकार दिला आणि न्यायालयात गेले. मार्च १९९७ मध्ये साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयानं निकाल दिला: आयनू हे इथले मूळ रहिवासी आहेत, त्यांच्या संस्कृतीचा विचार न करता जमीन घेणं बेकायदेशीर होतं. धरण मात्र तोवर बांधून झालं होतं, ते हटवलं नाही. २०१९ मध्ये जपानच्या कायद्यानंही आयनूंना मूळ रहिवासी म्हटलं. पुढच्या वर्षी, जुलै २०२०मध्ये, शिराओईला ‘उपोपोय’ हे राष्ट्रीय आयनू संग्रहालय उघडलं. उपोपोय म्हणजे अनेकांनी मिळून गाणं.

आपल्याकडचा टाकाही पुन्हा ओवला गेलाय. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन शिडांचं एक जहाज रंगवलेलं आहे, सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातलं. त्या चित्रावरून गोव्यात एक जहाज बांधलं गेलं. केरळातल्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरानं शिवल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं, नाव ‘कौंडिण्य’. डिसेंबरात पोरबंदरहून निघून वाऱ्याच्या जोरावर ते मस्कतला पोहोचलं. चित्रात जहाज दिसतं, पण ते पाण्यात कसं वागेल हे चित्र सांगत नाही. ते कळलं ते टाके पाण्यात भिजून फुगले तेव्हाच.

निबुतानीला दर ऑगस्टात ‘चिप सांके’ होतं, नाव पाण्यात उतरवण्याचा सोहळा. लोक काठावर बसून आधी प्रार्थना करतात. नव्या डोणीजवळ इनाऊ उभे करतात. इकुपासुयच्या टोकावरून मद्याचे थेंब नदीवर पडतात, आणि मग कोरलेलं खोड माणसांना घेऊन सारूच्या प्रवाहात सरकतं. बऱ्याच वर्षी त्याच सुमाराला इकडे नारळी पौर्णिमा असते. विजयदुर्गाच्या धक्क्यावर सोनेरी कागद लावलेला नारळ कुणीतरी दोन्ही हातांनी उचलतं, गाऱ्हाणं होतं, ‘व्हय म्हाराजा’ होतं, आणि नारळ पाण्यात पडतो, सोडणासकट, ज्या सोडणाचा सुंभ होतो.